मामा, मांडव आणि बिनआरशाचा कॅमेरा

तर झालं असं. २०१० च्या दिवाळीत मी उस्मानाबादला (आताचं धाराशिव) मामांकडे गेलो होतो. मामांचा फोटो स्टुडिओ. पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरी, यावरच घर चालायचं. जुना कॅमेरा कुरकुरायला लागला होता, पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं होतं. म्हणाले, "तू कम्प्युटरवाला. कोणता घेऊ, सांग."

मग काय, मी सुरूच झालो! ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने २००८ मध्ये 'मायक्रो फोर थर्ड्स' जाहीर केलं होतं. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये आरसा असतो. त्याला हलायला जागा लागते, म्हणून कॅननच्या डीएसएलआरमध्ये लेन्स बसते ती कडी सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर. आरसाच काढला की हे अंतर येतं जेमतेम २० वर. कॅमेरा बारका, तरी लेन्स बदलता येते. "मामा, पुढं हेच चालणार!"

दुसऱ्या दिवशी माझा तसला कॅमेरा घेऊन नळदुर्गला गेलो. पाणीमहालाच्या अंधारात फोकस सापडेपर्यंत लेन्स मागंपुढं करत बसली. त्या काळी या प्रकाराची सगळीकडे हीच तऱ्हा होती. मामा शांतपणे म्हणाले, "नवरी हार घालायला थांबणार हाय का? आन् बॅटरी?" मी गप्प. "शिवाय एवढासा कॅमेरा काढला तर पाहुणे म्हणतील, मोठा घरीच ठिवला का?"

मामांनी डीएसएलआर घेतला. मी मनातून चरफडलो.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. २०१३ मध्ये सोनीने मोठ्या सेन्सरचा ए७ आणला आणि २०१८ मध्ये निकॉन, कॅननही त्याच वाटेने गेले. आरसा गेलाच. पण ज्या लहानपणावर मी भाळलो होतो, त्याचं काय? निकॉनची चिमुकली 'निकॉन १' मालिका २०११ मध्ये आली आणि २०१८ मध्ये बंद झाली. खिशातली जागा मोबाईलने घेतली. बिनआरशाचा कॅमेरा लग्नात रुळला तो डोळा ओळखून धरणाऱ्या फोकसमुळे आणि व्हिडिओमुळे.

आता स्टुडिओ मामेभाऊ बघतो, त्याच्याकडे बिनआरशाचाच आहे. मोठी लेन्स लावलेला तो कॅमेरा मामांनी हातात घेतला आणि म्हणाले, "ह्यो तर माझ्यापेक्षा जड!"

माझं भाकीत खरं ठरलं, असं मी बरीच वर्षं मिरवलं. पण 'हे चालेल का?' आणि 'मी आज घेऊ का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला कळलंच नव्हतं. मी पहिल्याचं उत्तर देत होतो. कर्जाचा हप्ता मात्र दुसऱ्यावर अवलंबून होता. मामांनी माझं ऐकलं असतं तर त्या सीझनला वरमाळेचे फोटोच हुकले असते.

परवा मामेभावाचा फोन आला, "दादा, नवीन ड्रोन घेऊ का?"

म्हटलं, "मामांना विचार."