सेशन-तक्त्याचे वाचन

धार जिल्ह्यातील पिथमपूर काय किंवा देवासचे औद्योगिक क्षेत्र काय, तेथील कारखान्यांचे संगणकजाळे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडे येणारी तक्रार बहुधा 'नेट स्लो चल रहा है' एवढीच असते, आणि तिचे उत्तर तो प्रथम वेगाच्या आलेखात शोधतो. आलेख उपयोगी खरा. परंतु किती माहिती वाहते आहे यापलीकडे तो काही सांगत नाही. ती कोणाकडून कोणाकडे, केव्हापासून आणि कोणत्या अवस्थेत वाहते आहे, हे राउटर आपल्या स्मृतीत ठेवत असलेल्या चालू सेशनांच्या तक्त्यातच वाचावे लागते.

सेशन म्हणजे दोन यंत्रांमधील एका संवादाची नोंद. संदेशवहनाची पद्धत (टीसीपी किंवा यूडीपी), पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता व त्याचा पोर्ट, घेणाऱ्याचा पत्ता व त्याचा पोर्ट, या पाच गोष्टींवरून राउटर एक संवाद दुसऱ्यापासून वेगळा ओळखतो. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरील निरनिराळ्या सेवांना दिलेला क्रमांक. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, तर नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएस सेवेसाठी ५३. सार्वजनिक पत्त्यांची टंचाई जाणवू लागल्यावर १९९४मध्ये 'नॅट' या पत्ता-बदलाच्या युक्तीचे टिपण प्रसिद्ध झाले, आणि तिच्या प्रसारानंतर हा तक्ता राउटरच्या कामाचा आधारच बनला; कारण कारखान्यातील शंभर संगणक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसत असतील, तर आलेले उत्तर त्यांपैकी कोणाचे हे या नोंदीवाचून ठरवताच येत नाही.

नवशिका तंत्रज्ञ तक्त्यातील ओळी मोजतो, जाणता त्यांची अवस्था पाहतो. टीसीपी संवाद तीन पॅकेटांच्या देवाणघेवाणीने सुरू होतो. पहिले पॅकेट गेले आणि उत्तर आलेच नाही, तर ती नोंद अनुत्तरित राहते. अशा ओळी अनेक यंत्रांच्या नावावर एकाच वेळी दिसल्या, तर दोष बाहेरच्या दुव्यात असण्याचा संभव अधिक. त्या केवळ ५३ पोर्टच्या असतील, तर दुवा ठीक असून डीएनएस सर्व्हर गप्प बसला आहे आणि लोक त्यालाच 'स्लो' म्हणत आहेत. याउलट एकाच यंत्राच्या नावावर, दरवेळी वेगळ्या पत्त्याकडे पण त्याच एका पोर्टवर गेलेल्या शेकडो अनुत्तरित ओळी असल्या, तर ते यंत्र इतरांची दारे ठोठावत आहे असे समजावे. २०१६मध्ये गाजलेल्या मिराई या घातक प्रणालीने कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर ताब्यात घेऊन २३ व २३२३ या पोर्टांवर असाच शोध चालवला होता. कारखान्यात संगणकांची जेवढी काळजी घेतली जाते तेवढी भिंतीवरच्या कॅमेऱ्याची कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

तक्त्याला मर्यादा असते, आणि ती भरल्यावर दिसणारे लक्षण फसवे असते: चालू असलेला व्हिडिओ निर्वेध चालतो, पण नवे पान उघडत नाही, कारण जुन्या नोंदींना जागा असते आणि नव्यांना उरलेली नसते. अशा वेळी आलेख ओसाड दिसतो आणि दुव्याची क्षमता वाढवून घेण्याचा खर्च वाया जातो.

दुवे दोन आणि राउटरही दोन असले की वाचन अवघड होते. एकाच शहरात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने १९४८पर्यंत स्वतंत्र कारभाराने नांदलेल्या देवासच्या वाचकाला हा घोळ समजावून सांगावा लागू नये. बाहेरून आलेली विनंती पहिल्या राउटरमधून सर्व्हरपर्यंत पोहोचते, सर्व्हर मात्र उत्तर दुसऱ्या राउटरकडे धाडतो. त्याच्या दप्तरी मूळ विनंतीची नोंदच नसल्याने तो ते उत्तर बहुधा टाकून देतो, आणि पहिल्याच्या तक्त्यात ती ओळ अनुत्तरित राहते. एकच तक्ता पाहणाऱ्याला यात सर्व्हर दोषी वाटतो.

नोंद किती काळ जगावी हाही विचाराचा विषय आहे. टीसीपीला निरोपाची पद्धत आहे, यूडीपीला नाही, म्हणून तेथे राउटर घड्याळावरच विसंबतो. लिनक्सवर आधारलेल्या राउटरमध्ये स्थिर झालेल्या टीसीपी सेशनची मूळ मुदत ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस असते, तर २००८च्या नॅटविषयक शिफारशीनुसार ती किमान २ तास ४ मिनिटे असावी. कारण निष्क्रिय जोडणी जिवंत आहे का हे तपासणारे पॅकेट रूढीने दोन तासांनी जाते. मुदत याहून तोकडी ठेवली, तर यंत्राची मोजमापे क्वचितच पाठवणारी जोडणी राउटर विसरून जातो आणि दोन्ही टोके मात्र ती चालू आहे असे मानून बसतात.

या तक्त्यात संवादाचा मजकूर दिसत नाही, तरी कोणत्या मेजावरचा संगणक कोणाशी बोलतो हे दिसते; तेव्हा दोष शोधण्यापुरते पाहावे, सहकाऱ्यांवर पाळत ठेवण्यासाठी नव्हे. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. चालू तक्ता मात्र स्मृतीतच असतो. त्यामुळे तक्रार आल्यावर राउटर बंद-चालू करण्याची घाई करू नये. आधी तो तक्ता फाइलमध्ये उतरवून घ्यावा, कारण वीज तुटताच तो पुसला जातो.