परसातलं पाणी

भाट्यात परसदारी पोहण्याचा तलाव बांधायला घेतला, तेव्हा गावाने एकच प्रश्न विचारला. समोर अख्खा समुद्र पसरलाय, बाजूला काजळी नदीची खाडी आहे, मग पैसे खड्ड्यात कशाला घालता? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र आमच्या घरातल्या बायकांकडे होतं. मी चोपन्न वर्षांची. आयुष्य या किनाऱ्यावर गेलं. सुरूच्या बनात फिरले, पुळणीवर बसले, पण घोट्यापलीकडे पाण्यात गेले नाही. माझी अम्मी गेली नाही, माझ्या बहिणी गेल्या नाहीत. मोहल्ल्यातली पोरं खाडीत उड्या मारून पोहायला शिकली. पोरींना कुणी शिकवलं नाही. आणि समुद्र ही शिकायची जागाही नव्हे. ओहोटीची ओढ पाय उचलते तेव्हा शिकायला वेळ देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2024 चा अहवाल सांगतो, की 2021 या एका वर्षात जगभरात अंदाजे तीन लाख माणसं बुडून गेली. संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला. आपल्याकडे हा दिवस भर पावसात येतो. विहिरी काठोकाठ, वहाळ फुगलेले, आणि पोरं शाळेतून एकटी घरी येत असतात.

माझा धाकटा भाऊ कुवेतमध्ये बांधकामावर फोरमन होता. कायमचा परत आला तेव्हा म्हणाला, "आपा, पोरींसाठी एक गोष्ट करून ठेवू या." त्याला घरात दोन मुली, मला एक नात. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सगळीकडे सारखा एक मीटर वीस सेंटिमीटर खोल. खोल बाजू मुद्दामच ठेवली नाही. हिशेब केला तर 38,400 लिटर पाणी होतं. हा आकडा ऐकून अम्मीने तसबीह बाजूला ठेवली.

"एवढं पाणी आणणार कुठून?" तिने विचारलं.

आमच्या विहिरीवर चार घरं जगतात. फेब्रुवारीपर्यंत पाणी बरं असतं, मे महिन्यात कळशी खरवडते. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे तिने आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. शाफई मसलकात पाणी दोन कुल्ले, म्हणजे साधारण दोनशे लिटरच्या आसपास असेल आणि त्याचा रंग, वास, चव बदललेली नसेल, तर ते सहज नापाक होत नाही. त्या मापाने आमच्या तलावात जवळजवळ दोनशेपट पाणी मावणार होतं. पण अम्मीचा सवाल पाकीचा नव्हता. शेजारणीची कळशी रिकामी राहिली तर काय, हा होता.

गळती तपासल्याशिवाय फरशी बसवता येत नाही. म्हणून फेब्रुवारीत, विहीर भरलेली असताना, शेजाऱ्यांना विचारून आठ दिवस थोडं थोडं पाणी घेतलं आणि तलाव एकदा भरला. मग बादलीची परीक्षा. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची आणि चोवीस तास पंप बंद ठेवायचा. ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच उडवतं. बादलीत पाच मिलिमीटर उतरलं, तलावात नऊ. फरक चार मिलिमीटरचा. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण बत्तीस चौरस मीटरवर तो रोजचा 128 लिटर होतो, म्हणजे एका घराचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी. गळती पाइप भिंतीतून जातो त्या गळ्याशी सापडली. तेवढा भाग फोडून पुन्हा भरला. चाचणीचं पाणी नळीने महिनाभर माडांना दिलं. भाट्यात 1955 पासून नारळाचं संशोधन केंद्र आहे. माडाला पाणी किती लागतं हे इथे पोरांनाही सांगावं लागत नाही.

बांधलेल्या हौदातून पाणी पाझरू न देण्याची ही धडपड फार जुनी आहे. मोहेंजोदडोचं महास्नानगृह सुमारे बारा मीटर लांब आणि सात मीटर रुंद होतं. विटांमागे त्यांनी डांबराचा थर दिला होता. आम्ही रसायनाचा थर दिला, फरक तेवढाच.

एप्रिलअखेर फरशी बसली, सांधे भरले. आता खरी पंचाईत उभी राहिली. मे महिन्यात विहिरीला हात लावायचा नाही, आणि तलाव पावसाळाभर रिकामाही ठेवायचा नाही. हे दुसरं कारण मला भावाने समजावलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि खाडीकाठच्या आमच्या जमिनीत जुलैत हातभर खणलं तरी पाणी लागतं. जमिनीतलं पाणी तळाच्या वर एक मीटर चढलं तर ते तलावाला खालून बत्तीस टनांच्या जोराने उचलतं. आत पाणी नसेल तर अख्खा तलाव होडीसारखा वर यायला बघतो, तळ फुटतो. तळाच्या जाळीत आम्ही दाब सोडणारी झडप बसवली आहे, पण खरा आधार आतल्या पाण्याच्या वजनाचाच.

उत्तर छपरावर होतं. आमचं छप्पर दीडशे चौरस मीटरचं. त्यावर तीनशे मिलिमीटर पाऊस पडला की 45,000 लिटर होतात. थोडं वाया गेलं तरी तलाव भरतो. कोकणात एवढा पाऊस जूनमध्येच पडून जातो. पन्हळी लावल्या. पहिल्या दोन सरींचं पाणी कौलं धुऊन बाहेर सोडलं, मग जाळीतून आत घेतलं. जून संपायच्या आत तलाव भरला आणि विहिरीचा एक थेंबही लागला नाही.

पाणी भरलं म्हणजे तलाव सुरू झाला असं नाही. पावसाचं पाणी फार मऊ असतं. त्यात चुना नसतो, म्हणून ते फरशीच्या सांध्यातला चुना ओढून घेतं. नवं सिमेंट उलट त्याचा सामू चढवतं. आधी वाळूची गाळणी चोवीस तास चालवली, गाळणी उलटी धुतली. मग चार किलो खाण्याचा सोडा टाकला, म्हणजे सामू एका जागी टिकतो. एक दिवस थांबून दहा किलो कॅल्शियम क्लोराइड थोडं थोडं बादलीत विरघळवून ओतलं. दोन्ही एकदम टाकलं तर पाणी दुधासारखं गढूळ होतं. सामू 7.2 ते 7.6 मध्ये आणायला आम्ल लागलं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

क्लोरीनसाठी वेगळं काही आणलं नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो तीच टीसीएल पावडर. विहिरीला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम. तलावाला पहिल्या वेळी 230 ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं सोडायचं. उन्हात क्लोरीन उडतो, म्हणून हे काम मगरिबनंतर करतो. मोठी सर आली की पाणी पातळ होतं, पुन्हा तपासावं लागतं.

भोवती चिऱ्याचा गडगा, त्यावर झापांचा आडोसा, कडीचं फाटक. कडी लहान मुलांच्या हाताला येणार नाही इतकी वर. असरनंतरचा वेळ बायका आणि मुलींचा. मोठं माणूस काठावर नसेल तर फाटक उघडत नाही. शेजारच्या तीन घरांतल्या मुलीही येतात. शिकवते ती माझी भावजय. ती कुवेतमध्ये शिकली होती. पहिला धडा पोहण्याचा नाहीच. पाठीवर पडून राहायचं, तोंड वर, श्वास चालू. नातीला ते चौथ्या दिवशी जमलं. मला तीन आठवडे लागले. ज्या दिवशी कान पाण्याखाली गेले आणि मी बुडाले नाही, त्या दिवशी काठावर बसलेल्या अम्मीने मोठ्याने "माशाअल्लाह" म्हटलं. पाय पाण्यात सोडायला मात्र ती अजून तयार नाही.

घरात एक गोष्ट लिहून ठेवली आहे. मार्च ते मे विहिरीतली एक बादलीही तलावात जाणार नाही. पातळी उतरली तर उतरू दे, झाप पसरून जेवढं राहील तेवढं राखायचं; पंपाचं तोंड उघडं पडलं तर पोहणं बंद, पुढच्या पावसापर्यंत. उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी खोल असतं, त्यामुळे तेव्हा तलावाला धोका नाही. मुलींना हे सांगितलं तेव्हा त्या हिरमुसल्या. माझ्या नातीने मात्र लगेच झापांचा हिशेब सुरू केला, किती विणले तर मे महिन्यापर्यंत पाणी टिकेल याचा. आतापर्यंत अकरा झालेत.