सांधा

‘मोडेन पण वाकणार नाही’ या म्हणीचा अर्थ मी कितीतरी वर्षे वर्गात मुलांना सांगितला. मोडणे वेगळे आणि वाकणे वेगळे, हे त्या म्हणीतच आलेले आहे. परंतु या दोन क्रियापदांमधले अंतर मला खऱ्या अर्थाने उमगले, ते रत्नागिरीतील एका मेस्त्रींच्या छपराखाली.

१९९४ साली मी एक जुनी मोटार विकत घेतली. रंग उजळ, आसने स्वच्छ, इंजिनही उत्तम. मात्र तिच्या उजवीकडच्या मागच्या दाराला एक विलक्षण खोड होती. सपाट जागी ते अलगद लागे. पण एखादे चाक दगडावर चढले किंवा खळग्यात उतरले, की ते अडून बसे. मी कुलूप बदलले, बिजागऱ्यांना तेल घातले. अखेर रस्त्याकडेच्या एका कारागिराने दाराखालच्या पट्टीवर मधोमध जाड पोलादी पत्रा वेल्डिंग करून दिला. “आता हत्ती बसला तरी काही होणार नाही,” असे तो म्हणाला आणि मी निश्चिंत झालो.

त्याच वर्षी आषाढात आईला ताप भरला. तिला दवाखान्यात नेत असताना डावीकडची चाके पावसाने खचलेल्या कडेवरून गटारात गेली आणि गाडी तिरपी झाली. डावी बाजू बांधाला भिडलेली, उजवे दार काही केल्या उघडेना. खिडकीतून हात घालून मी आईच्या कपाळावर ठेवला. ते चांगलेच तापले होते. वाटसरूंनी फळ्या लावून गाडी वर काढली, तेव्हा ते दार जणू काही घडलेच नाही अशा रीतीने सहज उघडले.

आई बरी झाल्यावर मी गाडी मेस्त्रींकडे नेली. त्यांनी गाडीच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावला आणि दाराच्या वरच्या फटीत मला बोट ठेवायला सांगितले. जॅक चढू लागला तशी फट आवळत गेली. मी चटकन बोट काढून घेतले.

“गुरुजी, दार वाकडे नाही. दाराची चौकट वाकडी होते आहे,” ते म्हणाले. मग मधला खांब खालच्या उंबरठ्याला मिळतो तेथे त्यांनी हातोडीने हलकेच ठोकले. आतून गंजाचे तांबडे पापुद्रे गळाले. कोकणातील पावसाचे पाणी पोकळ खांबातून उतरून नेमके त्या सांध्यात साचत असे.

“पण सांधा तुटलेला तर नाही?” मी विचारले.

“तुटलेला नाही, हीच अडचण आहे. तुटला असता, तर तुम्ही कधीच आला असता.”

मुलांनो, आजच्या बहुतेक मोटारींना खाली वेगळा सांगाडा नसतो. पत्र्याचे अंगच सर्व भार वाहते. इटलीतील लॅन्सिया कंपनीने १९२२ साली जगापुढे आणलेली ‘लॅम्ब्डा’ ही अशा रचनेच्या पहिल्या मोटारींपैकी एक. सुमारे १ मिलिमीटर जाडीचे पत्रे दाबून त्यांचे पोकळ खांब आणि तुळया बनवतात. मग दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबून क्षणभर प्रचंड विद्युत्प्रवाह सोडतात. मसुराच्या दाण्याएवढा भाग वितळून दोन्ही पत्रे एक होतात. एका मोटारीत असे काही हजार टाके असतात.

अशा सांध्याच्या अंगी दोन गुण हवेत. किती भार आला असता तो तुटेल, ही त्याची बळकटी. भार आला असता तो किती कमी हलेल, हा त्याचा ताठरपणा. अधिक बळकट पोलाद वापरले म्हणजे ताठरपणा वाढतो असे नाही. आकार तोच असेल, तर साधे आणि बळकट पोलाद थोड्या भाराखाली जवळजवळ सारखेच वाकते. ताठरपणा येतो तो आकारातून, जाडीतून आणि जोडण्याच्या रीतीतून. म्हणूनच आता पुष्कळ मोटारींत टाक्यांबरोबर पत्र्यांच्या मध्ये चिकटद्रव्यही भरतात. त्यामुळे जोड सलग होतो.

रिकाम्या काडेपेटीचे बाहेरचे वेष्टन घ्या आणि कोपऱ्यावर हलके दाबा. कागद फाटत नाही, कोपरा तुटत नाही. तरीही सारी चौकट तिरपी होऊन आडवी पडते. आता चारही कोनांत पुठ्ठ्याचे छोटे त्रिकोण चिकटवा. तीच चौकट ताठ उभी राहील.

मेस्त्रींनी तेच केले. गंजलेला भाग कापला, नवा पत्रा जोडला आणि कोनात तिकोनी आधार बसवला. मग एका चाकाखाली विटा रचून त्यांनी एका बोटाने दार लोटले. ‘खट्’ असा आवाज झाला आणि दार लागले.

तो जाड पत्रा त्यांनी कापून माझ्या हाती दिला. पुढे ती म्हण शिकवताना मी तो पत्रा आणि एक काडेपेटी वर्गात नेत असे. मुले पत्रा हातोहात फिरवून त्याचे वजन पाहत. काडेपेटीकडे प्रथम कोणाचेच लक्ष जात नसे. तुम्ही मात्र आधी काडेपेटी हाती घ्या.