तीन शब्दांचे पैसे

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही तिघेही काहीसे संकोचलो. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी डॉक्टर झाले, प्राध्यापक झाले, शासकीय सेवेत गेले. त्यांची वाटचाल अशा अंकात शोभून दिसते. आम्ही तिघे एकाच तुकडीचे, एकाच खोलीत वाढलेले, आणि आज नागपुरात एक लहानशी जाहिरात एजन्सी चालवतो. गावी गेलो की वडीलधारी माणसे विचारतात, ‘‘म्हणजे नेमके काय करता रे तुम्ही?’’ आम्ही समजावून सांगतो. ऐकून झाल्यावर एखादी आजी हमखास म्हणते, ‘‘म्हणजे खोटे बोलायचा धंदा म्हणा की!’’ सगळे हसतात, आम्हीही हसतो. परंतु ज्या मुलांनी दहा वर्षे रोज पहाटे वंदनेला बसून असत्य भाषणापासून परावृत्त राहण्याचे चौथे शील उच्चारले, त्यांना तो विनोद पुरता पचत नाही. हा लेख त्या न पचलेल्या विनोदाविषयी आहे.

आमचे कार्यालय सीताबर्डीवरील एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. खोल्या दोन, संगणक तीन, माणसे पाच. दूरदर्शनवर दिसणाऱ्या झगमगीत जाहिराती मुंबईत होतात. आमच्याकडे येतात त्या वकिलांच्या जाहीर सूचना, नावातील बदल, हरवलेली कागदपत्रे, वधू-वर पाहिजेत, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पुण्यस्मरण, शिकवणी वर्ग आणि साड्यांचा सेल. मोठ्या जाहिरातीची जागा चौरस सेंटिमीटरवर मोजतात, छोटी जाहिरात शब्दांवर. मान्यताप्राप्त एजन्सीला वृत्तपत्रे रूढीप्रमाणे १५ टक्के कमिशन देतात. आमच्यासारख्या लहान एजन्सीचे काम बहुधा अशा मोठ्या एजन्सीमार्फत जाते, तेव्हा त्या १५ टक्क्यांचीही वाटणी होते. वृत्तपत्राचे बिल वेळेवर भरावे लागते आणि ग्राहक मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो. दसरा-दिवाळीत श्वास घ्यायला उसंत नसते. श्रावणात पंख्याचा आवाज ऐकत बसावे लागते. चौदा एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीचे आठ दिवस तर दीक्षाभूमीच्या या शहरात शुभेच्छांच्या फलकांचे. फलकावर कोणाचे छायाचित्र किती मोठे, यावरून कार्यकर्त्यांमध्ये होणारे वाद मिटवणे हेही आमच्या कामात मोडते.

या कामात शब्दाचे वजन आम्हांला प्रथम कळले ते एका चुकीमुळे. धंदा नवा होता. एक गृहस्थ आईच्या निधनाची जाहिरात घेऊन संध्याकाळी उशिरा आले. पान बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. आम्ही संगणकातील तयार नमुना उघडला, नाव घातले, छायाचित्र बसवले आणि पाठवून दिले. सकाळी ते गृहस्थ वृत्तपत्र हातात घेऊन दारात उभे. त्यांच्या आईच्या नावाआधी ‘कै.’ छापले होते. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘माझ्या आईने तरुणपणी दीक्षा घेतली. घरातले सगळे देव तिने स्वतःच्या हाताने नदीत सोडले. आणि तुम्ही तिला कैलासाला पाठवली?’’ आम्ही तिघेही बौद्ध. आमच्या घरच्या पत्रिकांवर ‘कालकथित’ लिहिले जाते, हे आम्हांला ठाऊक होते. परंतु नमुना कोणीतरी पूर्वी तयार केलेला होता, आणि नमुन्याला आपण कोण आहोत हे ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी स्वखर्चाने दुरुस्ती छापली. त्या दिवसापासून आमच्या संगणकात निधनाचा एकही तयार नमुना नाही. प्रत्येक जाहिरात कोऱ्या पानावर सुरू होते.

ती चूक अनवधानाने झाली होती. दुसरी गोष्ट आम्ही समजून-उमजून केली, आणि ती सांगणे अधिक कठीण आहे.

रविवारच्या वधू-वर सूचक जाहिराती हा लहान एजन्सीचा नित्याचा भाकरतुकडा. वय, उंची, शिक्षण, पगार, अपेक्षा. आणि अनेकदा शेवटी एक ओळ असे : एससी एसटी क्षमस्व. मराठी वृत्तपत्रे वाचणाऱ्या कोणालाही ही ओळ नवी नाही. वाचताना तिचा जो अनुभव येतो तो आपल्या समाजाला वेगळा सांगायला नको. परंतु ती हाताने टंकित करण्याचा अनुभव निराळा आहे. ते तीन शब्द असतात आणि छोट्या जाहिरातीत पैसे शब्दांवर घेतात. त्या तीन शब्दांचे पैसे आम्ही मोजून घेतले, त्यांवरचे कमिशनही घेतले, एकदा नव्हे, कित्येक रविवार. आम्ही स्वतःला समजावत होतो की शब्द ग्राहकाचे आहेत, आम्ही केवळ पोहोचवणारे. टपाल्याला पत्रातील मजकुराचा दोष कसा लागेल?

मग आपल्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी आमच्याकडे कामाला लागली. हात झरझर चालणारी, बोलणे कमी. एका शुक्रवारी तिने मजकुराचा गठ्ठा संपवला आणि उठताना सहज विचारले, ‘‘दादा, ही माफी मागितली आहे ती माझीच ना? मग तीसुद्धा मीच टाइप करायची?’’

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच उत्तर सुचले नाही. त्या रात्री कार्यालय बंद करून आम्ही तिघे खालच्या टपरीवर बराच वेळ बसलो. बोलता बोलता शाळेच्या ग्रंथालयातील एक जुनी आठवण निघाली. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. त्या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, हे सरांनी आम्हांला वर्गात सांगितले होते. लहानपणी त्या प्रसंगाचा राग आला होता. त्या रात्री त्याची दुसरी बाजू दिसली. जाहिरात घेणारा माणूस केवळ टपाल्या असतो हे खरे असते, तर तो नकार घडलाच नसता. काय छापायचे आणि काय नाही हे त्या टेबलामागचा माणूस ठरवतो. शंभर वर्षांपूर्वी त्या टेबलाने आपल्याला नाकारले. आज त्या टेबलामागे आम्ही बसलो होतो, आणि आम्हीही एक निवड करीत होतो. तिला निवड म्हणण्याचे धैर्य तेवढे आमच्यात नव्हते.

सोमवारपासून आम्ही ती ओळ घेणे थांबवले. भांडण करायचे नाही, व्याख्यान द्यायचे नाही, असे ठरवले. ग्राहकाला एवढेच सांगतो, ‘‘काका, तुम्हांला काय हवे ते लिहा. कोण नको ते आम्ही छापत नाही. तीन शब्दांचे पैसेही वाचतील.’’ काही जण मान डोलावतात. अनेकांनी ती ओळ विचार न करता, दुसऱ्याचे पाहून लिहिलेली असते. काही जण आमच्या दारावरील नावाच्या पाटीकडे नव्याने पाहतात आणि जिना उतरतात. त्यांची जाहिरात पुढच्या रविवारी अन्य कोणाकडून छापून येते, त्याच ओळीसह. आम्ही जग बदलले नाही. एका टेबलावर ती ओळ घेतली जात नाही, एवढेच झाले. उत्पन्न घटले हेही खरे. त्या वर्षी दिवाळीला सर्वांना देण्याची रक्कम निम्मी करावी लागली.

हे वाचून आपल्या मंडळींना बरे वाटेल, म्हणून पुढचेही सांगितले पाहिजे. आपल्याच समाजातून येणाऱ्या काही जाहिरातींत ‘बौद्ध’ या शब्दापुढे कंसात जुनी जात लिहिलेली असते. ‘गोरी मुलगी हवी’ हे तर सर्व धर्मांना समान आहे. तो कंस काढा म्हटले की आपले लोक परक्यांपेक्षा अधिक रागावतात. ‘‘तुम्हीच आम्हांला शिकवणार का?’’ असे एका परिचिताने विचारले. आम्ही म्हणालो, ‘‘नाही, शाळेने आपल्या सगळ्यांनाच शिकवले होते.’’ ते आमच्याशी अजून बोलत नाहीत.

कायदाही या व्यवसायाला काही मर्यादा घालतो. मधुमेह समूळ बरा करण्याची हमी देणारा मजकूर घेऊन येणाऱ्या वैद्याला १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय अधिनियम दाखवता येतो. अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणाऱ्यालाही तो कायदा दोषी धरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मोठ्या दंडाची तरतूद केली. परंतु कायदा फार तर खोटे अडवतो. खरे असूनही माणसाला दुखावणारे, निरर्थक फुगवलेले, दोन मने दुरावणारे बोलणे तो अडवत नाही. सम्यक वाचेत भगवंतांनी असत्याबरोबर चहाडी, कठोर वचन आणि व्यर्थ बडबड हीही वर्ज्य सांगितली आहेत. व्यर्थ बडबड वगळली तर जाहिरातीत उरते काय, असे आमचे व्यवसायबंधू विचारतील. त्याचे उत्तर आम्हांला शाळेनेच दिले.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या प्रवेशाची जाहिरात आम्ही मोठ्या हौसेने तयार केली. ‘विदर्भातील अग्रगण्य निवासी शाळा’, ‘उज्ज्वल निकालाची अखंड परंपरा’, ‘घरच्यासारखे जेवण’. मुख्याध्यापक सरांनी चष्मा लावला आणि लाल पेन काढले. ‘‘अग्रगण्य कोणी मोजले?’’ एक रेघ. ‘‘मागच्या वर्षी आपली दोन मुले नापास झाली. त्यांच्याही घरी पेपर येतो.’’ दुसरी रेघ. मग आमच्याकडे पाहून म्हणाले, ‘‘आणि घरच्यासारखे जेवण? पहिल्या वर्षी तुम्हीच ना रे आईच्या हातच्या भाकरीसाठी रात्री रडत होतात?’’ तिसरी रेघ. उरले ते इतकेच : इयत्ता, जागांची संख्या, लागणारी कागदपत्रे, अर्जाची शेवटची तारीख. त्याखाली सरांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली, ‘पालकांनी कोणत्याही दिवशी येऊन शाळा पाहावी.’

जाहिरात निम्म्या आकाराची झाली, आमचे कमिशनही निम्मे झाले. परंतु इतक्या वर्षांत त्या ओळीहून चांगली ओळ आम्हांला लिहिता आलेली नाही. ज्याचा माल खरा असतो त्याला विशेषणे लागत नाहीत, तो ‘या आणि पाहा’ म्हणतो. गावच्या आजीला आता आम्ही हेच सांगतो. धंदा खोटे बोलण्याचा नाही. मात्र त्यात खोटे बोलण्याची सोय रोज असते, आणि रोज ती नाकारावी लागते. काही दिवस जमते, काही दिवस जमत नाही.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवरील शुभेच्छांच्या जाहिराती आम्हीच गोळा केल्या आहेत. सहसा वाचक ती पाने न वाचता उलटतात. आपण यावेळी ती वाचावीत, आणि एखादा शब्द वजनाला कमी भरला तर आम्हांला कळवावे. आमचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे; कोणत्याही दिवशी येऊन पाहावे.