नजर

पेणच्या कोणत्याही गणपती कारखान्यात शिरा, एकाच साच्यातून निघालेले बाप्पा फळ्यांवर ओळीनं बसलेले दिसतील. मुंबईचा पाहुणा ते बघून हमखास विचारतो, "मग यात कला कुठे राहिली?"

साच्यावर माझा राग नाही. शाडूची मूर्तीही आम्ही साच्यातूनच काढतो. माती दाबून भरायची, भाग जोडायचे, सांधा ओल्या ब्रशनं बुजवायचा. पुढे प्लॅस्टर आलं, रबरी साचे आले, कामाला वेग आला. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. जाणकारांनी नाकं मुरडली, पण बायकांनी तसबिरीला हळदकुंकू वाहिलंच. शेजारणीकडेही तेच चित्र आहे म्हणून कुणाची लक्ष्मी उणी झाली नाही.

माझं काम आखणीचं, म्हणजे डोळ्यांचं. पांढऱ्यावर बुबुळ, मग वरच्या पापणीची काळी रेघ. ती एका दमात ओढावी लागते. हात मध्येच थबकला की तिथे गाठ दिसते. शेवटी उजेडाचा ठिपका. तो दोन्ही बुबुळांत एकाच बाजूला पडला पाहिजे, नाहीतर बाप्पा तिरळा वाटतो. साचा तोच असला तरी डोळे दर मूर्तीला नव्यानंच उघडावे लागतात.

मला जाच होतो तो प्रसिद्धीचा. गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरतं, "दादा, लालबागच्या राजासारखाच पाहिजे." मंडळ १९३४ सालचं, राजा अवघ्या मुंबईचा लाडका, त्याचं कौतुक मलाही आहे. पण मंडपातल्या उंच मूर्तीची नजर खाली उतरवावी लागते, कारण माणसं पायाशी उभी असतात. तीच नजर फूटभर मूर्तीला दिली की देव आरती करणाऱ्याकडे न बघता थेट नैवेद्याच्या ताटाकडे बघतो. (गणपतीच्या बाबतीत हे अगदीच चूक म्हणता येणार नाही.) म्हणून मी विचारतो, चौरंग केवढा, मखर किती उंच, घरात आजी खुर्चीवर बसून दर्शन घेते का? फोटो आणणाऱ्याला हे प्रश्न म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. त्याला देवाची नजर आपल्यावर पडायला नकोच असते, फोटोशी जुळायला हवी असते.

हल्ली वाद घालत नाही. मुकुट, सिंहासन, पितांबर सगळं फोटोतलं देतो आणि बुबुळ तेवढं केसभर वर सरकवतो. न्यायला आलेलं गिऱ्हाईक मूर्तीशेजारी मोबाइल धरून ताडून बघतं आणि खूश होऊन म्हणतं, "हुबेहूब!"