राजीखुषीने व अक्कलहुशारीने

आपल्या दस्तऐवजांत काही शब्द असे असतात की, ते वाचण्यासाठी नसून केवळ ओलांडण्यासाठीच लिहिलेले आहेत, असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले. 'सदरहू लेख मी माझ्या राजीखुषीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून देत आहे' हे वाक्य त्यांपैकीच एक. देवळात शिरताना उंबरठा ओलांडावा, तसे हे वाक्य ओलांडून आपण सहीच्या जागेकडे धावतो. या उंबरठ्याला ठेच लागून मी एकदा थांबलो, त्याची ही हकीगत आहे.

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर नांदगाव पेठ लागते. महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला दिसतात ते मालमोटारींचे तांडे आणि औद्योगिक वसाहतीतल्या कापडाच्या गिरण्या. पण वळण घेऊन गावात शिरावे, तो ओसरी, अंगणातला कडुनिंब आणि कापसाच्या भावाच्या गप्पा असे जुने वऱ्हाड अजून भेटते. तेथे माझी मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी, एकटी राहते. तिला मूलबाळ नाही. थोरले बाबा गेल्यावर चार एकर वावर तिच्या नावावर आले आणि ते तिने वीस वर्षे एकटीने सांभाळले. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी ती अंगणात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले आणि ती खाटेला खिळली. बँक, पीकविमा, तलाठ्याचे कार्यालय ही सारी कामे तिच्या सहीवाचून अडून बसली. मी नागपुरास नोकरी करणारा. घरात कर्ता पुरुष म्हणावा असा मीच उरलेला. तेव्हा तिच्याकडून माझ्या नावे मुखत्यारपत्र करून घ्यावे, असे ठरले.

ठरविणे सोपे, करणे अवघड! तिला खाटेवरून उचलून अमरावतीच्या कचेरीपर्यंत कसे न्यावे? मुखत्यारपत्र टंकून देणाऱ्या गृहस्थाने त्यावर तत्काळ तोडगा सांगितला. "म्हातारीला हलवता कशाला? घरून सही घेऊन या. शिक्का मी मिळवून देतो." हे त्याने इतक्या सहजपणे सांगितले की, मला त्यात काही वावगेही वाटले नाही. न्यू जर्सीत असलेल्या माझ्या बहिणीला मी ते टेलिफोनवर सांगितले, तेव्हा मात्र ती चमकली. "आमच्याकडे नोटरीच घरी येतो. स्वयंपाकघरातल्या मेजाशी बसतो, ओळखपत्र पाहतो आणि आपल्यासमोर सही करून घेतो. तुम्ही तसा कोणी बोलवा ना!"

तिकडे बहुतेक राज्यांत नोटरी होण्यास वकील असावे लागत नाही. आणि व्हर्जिनिया राज्याने तर २०१२ पासून घरी येण्याचीही गरज ठेवली नाही, दूर बसून पडद्यावर माणूस पाहून साक्षांकन करण्यास परवानगी दिली. आपल्याकडची तऱ्हा निराळी. येथे नोटरी हा बहुधा दहा वर्षे वकिली केलेला गृहस्थ असतो. पण तो आपल्या खुर्चीला जखडलेला मात्र नाही. आपल्या नेमून दिलेल्या क्षेत्रात तो हिंडू शकतो. १९५६ च्या नियमांत तर फीबरोबर त्याच्या प्रवासखर्चाचीही तरतूद आहे. म्हणजे घरी येणारा नोटरी ही अमेरिकेची नवलाई नव्हे; तो आपल्याच नियमांच्या पुस्तकात कित्येक वर्षे बसून आहे, आपण त्याला बोलावीत नाही इतकेच.

या पदाचा इतिहासही मोठा मौजेचा आहे. इंग्रजी अमदानीत नोटरीचे मुख्य काम व्यापाऱ्यांचे. हुंडी सकारली गेली नाही, तर 'मी जाऊन मागणी केली आणि नकार मिळाला' अशी तटस्थ साक्ष त्याने लिहून द्यावयाची. त्याची नेमणूक करण्याची तरतूद हुंड्यांविषयीच्या १८८१ च्या कायद्यातच १३८ व्या कलमात होती. पुढे १९५२ चा नोटरी कायदा झाला, तो १४ फेब्रुवारी १९५६ पासून अमलात आला आणि हुंडीचा साक्षीदार सामान्य माणसाच्या शपथपत्रांचा व मुखत्यारपत्रांचा साक्षीदार झाला. रिकाम्या झालेल्या त्या १३८ व्या कलमाच्या जागी १९८९ पासून न वटलेल्या धनादेशाचा गुन्हा येऊन बसला आहे. विश्वासाने नेमलेल्या माणसाची जागा विश्वासघाताने घ्यावी, हा केवळ योगायोग खरा. पण तो मनात राहून जातो.

शेवटी ओळखीच्या ओळखीने अमरावतीचे एक वयस्क वकील यावयास तयार झाले. एका रविवारी दुपारी ते आले. हातात जाडजूड नोंदवही, शाईची गादी, आणि पाच सेंटिमीटर व्यासाचा तो वाटोळा शिक्का. चहा त्यांनी नाकारला नाही. पण "आधी काम होऊ द्या," म्हणून बाजूला ठेवला. मोठ्या आईचे ओळखपत्र पाहिले, तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे वळून अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "आपण जरा ओसरीवर बसता का?"

मला राग आला, हे कबूल करतो. ज्या घरात मी लहानाचा मोठा झालो, त्या घरात मी परका? तिच्या औषधपाण्याचा खर्च मी करतो, आणि तिच्याशी चार शब्द बोलण्यासाठी या गृहस्थाने मला बाहेर बसवावे? पण बसलो. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता. ते कागद ओळ न् ओळ वाचीत होते आणि मध्येच थांबून म्हणत होते, "आजी, याचा अर्थ काय झाला, ते तुम्हीच मला सांगा." मोठी आई सांगत होती. एकाएकी दोघेही गप्प झाली. मग तिची हाक आली.

"काऊन रे बाबू," ती म्हणाली, "वावर इकतं काय तू?"

त्या कागदात, सातव्या की आठव्या ओळीत, 'सदर जमीन विकण्याचा, गहाण ठेवण्याचा व त्याबाबत करार करण्याचा' अधिकार होता. मुखत्यारपत्राचा तो ठरलेला नमुना आहे, टंकणाऱ्याने तो तसाच उतरविला, असे मी तिला सांगितले. ते खरेही होते. पण सगळे खरे नव्हते. कागद घेताना ती ओळ मी वाचली होती. कारखान्यांमुळे त्या बाजूच्या जमिनीला भाव येईल, हा विचार तिच्या पडण्याच्याही आधीपासून माझ्या मनात होता. मी ती ओळ लिहिली नव्हती, आणि खोडलीही नव्हती.

"पीक घे, बँकेत जा, पैसे आन," मोठी आई म्हणाली. "पन वावर इकाचं नाई. अजून मी जित्ती हावो."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या एका गोष्टीबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. ते म्हणाले, "तसेही दुसऱ्याच्या वतीने दस्त नोंदणीला सादर करावयाचा, तर त्याचे मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकापुढेच व्हावे लागते, आजारी माणसासाठी तेही घरी येऊ शकतात. आणि नुसत्या मुखत्यारपत्राने जमिनीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे." त्यांनी ती ओळ खोडली, खोडल्या जागी तिची व आपली सही घेतली. मोठ्या आईने मग विचारले, "अन् मी मेल्यावर या कागदाचं काय?" "संपला," ते म्हणाले. "तुम्ही आहात तोवरच हा कागद आहे. आणि मनात आले तर उद्याही तुम्ही तो रद्द करू शकता." तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

हात कापत होता म्हणून मी शाईची गादी पुढे सरकविली. तिने ती मागे सारली. चौथीपर्यंत शिकलेली बाई ती; तिने आपले नाव सावकाश, काना-मात्रेसह लिहिले, आधी कागदावर आणि मग नोंदवहीत.

जुन्या मराठी कागदांत लिहिता न येणारा कुणबी आपल्या नावाशेजारी 'निशाणी नांगर' करीत असे, आणि लिहिणारा कारकून 'बिकलम' म्हणून स्वतःचे नाव देई. खाली गावचे लोक साक्षीला असत. त्या साक्षीदारांना देणारा आणि घेणारा दोघेही ठाऊक असत, हे त्यांचे बळ. पण पाटलाचा धाक आणि भाऊबंदांची भीडही त्यांना ठाऊक असे. नोटरीपाशी ती ओळख नसते. तो परका असतो, त्याला त्या वावरातले एक बोंडही नको असते, आणि म्हणूनच घरच्या माणसांना जे विचारवत नाही, ते तो विचारू शकतो. शिक्का त्याने कागदावर मारावयाचा. पण त्याआधी त्याने माणूस पाहावयाचा असतो. टंकणाऱ्या गृहस्थाने मला जो सोपा मार्ग दाखविला होता, त्यात शिक्का होता, तिकीट होते, अनुक्रमांकही असता. फक्त मोठी आई नसती.

वकीलसाहेबांचा चहा निवला होता. मी दुसरा करावयास सांगू लागलो, तो त्यांनी तोच उचलला आणि ओसरीवर येऊन माझ्याशेजारी बसून प्याला. सोयाबीनला यंदा पाऊस पुरेल का, यावर आम्ही थोडा वेळ बोललो. जाताना मी त्यांना फीसह प्रवासखर्च देऊ केला. तो त्यांनी घेतला, आणि पावती लिहून दिली.

मुखत्यारपत्र माझ्या कपाटात आहे. त्याच्या जोरावर मी दर हंगामात बँकेत जातो, पैसे आणतो, हिशेब मोठ्या आईपुढे ठेवतो. कधी कधी तो कागद उघडला की माझी नजर शिक्क्याकडे जात नाही. त्या खोडलेल्या ओळीकडे जाते. काळ्या रेघेखालची अक्षरे अजून वाचता येतात, आणि तिच्या शेजारी कापऱ्या हाताची ती सही आहे.