पाठीवर सॅक, हाती अर्धे तिकीट

मैत्रिणींनो, प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी काय येते? डबे! यांना तिखट चालत नाही, मुलाला गाडी लागते, सासूबाईंचा उपवास. परत आल्यावर कोणी विचारले, 'काय पाहिलंस?' तर आठवते ती पिशव्यांची संख्या! म्हणूनच मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, दोघीच, पाठीला सॅक लावून एस.टी.ने महाराष्ट्राच्या पार दक्षिण टोकाला जाऊन आलो, ती हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

आम्ही इचलकरंजीच्या. इथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गाव मागांच्या तालावर जगते. आमच्या घरामागेही शेड होती. लग्न होऊन आल्यापासून तो खडखडाट रात्रंदिवस कानांत. पण धंदा बसत गेला आणि जुने माग भंगाराच्या भावाने विकावे लागले. त्याआधी सहाच महिने थोरले दीर गेले होते. शेड रिकामी झाली अन् अक्कांची झोपच उडाली. "इतक्या शांततेत झोपायचं कसं गं?" म्हणायच्या. गोळी घेऊनही रात्री दोनला उठून बसायच्या. त्रेसष्ट वर्षांच्या झाल्या, पण समुद्र पाहिलेला नव्हता. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "खांडेकरांचं शिरोडं एकदा बघायचं होतं." आपटे वाचन मंदिरातून आणून त्यांनी खांडेकर सगळे वाचलेले.

मी ते मनात धरले. आमचे हे म्हणाले, "दोघीच? आणि एस.टी.नं?" मुलगा म्हणाला, "गाडी करून देतो." मी म्हटले, "गाडीचे पैसे राहू देत. आम्हाला अर्धं तिकीट आहे!" १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे भाडे आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सूनबाईने मात्र काही न बोलता नातवाची सॅक रिकामी करून माझ्या हातात दिली.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे निघालो. कागल, निपाणी करत गडहिंग्लज. (निपाणी कर्नाटकात. सवलत आपल्या राज्याच्या हद्दीपुरती, म्हणून अशा वाटेवर तिकिटाचा हिशेब कंडक्टरलाच विचारावा.) गडहिंग्लजला हिरण्यकेशी नदी भेटते. तिथून गाडी बदलून आजरा आणि पुढे आंबोली. म्हणजे आपण त्या नदीच्या माहेराकडेच चाललेलो असतो! आंबोलीला देवळाजवळच्या गुहेतून ती उगम पावते. तिथल्या कुंडात २०२० साली माशाची एक नवी जात सापडली. तिला नदीचेच नाव दिले आणि २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. अक्का पायरीवर बसून म्हणाल्या, "हे पाणी शेवटी कृष्णेलाच जातं, आपल्या पंचगंगेसारखं." खरेच आहे. हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला.

त्या रात्री मात्र आंबोलीच्या गारठ्यात अक्का पुन्हा दोन वाजता उठून बसल्या. मला वाटले, उगीच ओढून आणले की काय यांना.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून सावंतवाडी. चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळे पाहताना इतक्या रमलो, की शिरोड्याची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. चूक आमचीच! स्टँडवर बसलो. शेजारी रिकामी टोपली घेऊन एक मासेवाली बसली होती. "खंय चललास?" म्हणून तिनेच विचारले. दोघीच निघालोय म्हटल्यावर हसली आणि म्हणाली, ती तर रोजच एकटी येते-जाते. पुढची गाडी लागली तेव्हा तिनेच आमच्यासाठी जागा धरली.

शिरोड्याला खांडेकर १९२० ते १९३८ शाळेत शिक्षक होते. पुढे 'ययाति'साठी त्यांना ज्ञानपीठ मिळाले. मिठाचा सत्याग्रहही इथे झाला, १९३० साली. हे सारे मी अक्कांना सांगत होते, पण सुरूच्या बनातून बाहेर पडलो आणि त्यांचे माझ्याकडे लक्षच राहिले नाही. साडी वर खोचून त्या पाण्यात उभ्या राहिल्या, किती तरी वेळ. मग वळून म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या शेडसारखाच आवाज. दिवसरात्र चालू असेल नाही?"

किनाऱ्याजवळच घरगुती खोली मिळाली होती. रात्री दोनला मलाच जाग आली. पाहते तो अक्का गाढ झोपलेल्या. मी खिडकी तशीच उघडी ठेवली.

तिसऱ्या दिवशी रेडी. १९७६ साली इथे खाणीत सापडलेल्या गणपतीचे दर्शन घेतले. पुढे तेरेखोलची खाडी, मग गोवा. महाराष्ट्राचा किनारा इथे संपतो. तिथूनच परत फिरलो.

तुम्हालाही जायचे असेल, तर चार गोष्टी सांगते. सॅक एकच आणि स्वतःला उचलेल एवढीच घ्या. दोन साड्या, शाल, टॉर्च, औषधे आणि आधार कार्ड पुरे. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असावी, दोन दिवस टिकतात. पुढच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्या. रात्रीची खोली आधी फोनवर ठरवा आणि मुक्कामी उजेडीच पोचा. जास्त फिरायचे असेल तर एस.टी.चा चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही असतो. अर्ध्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतो का, तेवढे पाहा.

घरी आलो तर यांनी पिठले-भात करून ठेवला होता. पिठले जरा करपले होते, पण मी बोलले नाही. अक्कांची झोप एकदम सुधारली असे नाही. अजूनही काही रात्री उठतात. पण परवा रात्री पाणी प्यायला उठले, तर त्या दिवा लावून नकाशा पाहत बसलेल्या. मला म्हणतात कशा, "वेंगुर्ला राहिलं की गं आपलं!"